तलावातली बेशरम काढायला जाताय? मग हे वाचून जा

आमच्या भंडारा-गोंदियाकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या वेळचे) तलाव, बेशरम नावाच्या माजोऱ्या झुडपानं पार भरून राहिले. आमचा गावातला ग्रुप उन्हाळ्यात पाणी उतरलं की रविवारी जाते, पहिल्या वर्षी आम्ही नुसती कोयत्यानं सपासप कापली, फोटोबिटो काढले, अन् पावसाळ्यात पाहतो तं दुप्पट! नाव उगाच बेशरम नाही पडलं भाऊ. तिचा हातभर तुकडा ओल्या मातीत पडला तरी फुटवा येते, म्हणून सबलीनं (पहारीनं) मुळासकट उपटा, अन् उपटलेली काठावर न टाकता दूर, उंच कोरड्या जागी पसरून पूर्ण वाळू द्या. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, फुल बाह्यांचा शर्ट अन् हातमोजे घाला. बकऱ्या तिकडे फिरकू देऊ नका, त्यांना ती विषारी आहे. देवधान (जंगली भात) अन् कमळ मात्र राहू द्या, ते तलावाचंच आहे, ओळखू येत नसंल तं मासेमारी करणाऱ्या ढिवर भाऊंना आधी विचारा.

सहाला सुरू, दहाला बंद, मे महिन्यात त्यापुढं हिरोगिरी नको. मग आंब्याखाली रोडगे अन् वांग्याची भाजी, खरं सांगतो अर्धी पोरं त्याच्यासाठीच येतात.