आईचं दूध महिन्यागणिक बदलतं, मग काय करायचं

घरात नवीन बाळंतीण असली की पंधरा दिवसांत कोणीतरी म्हणतंच, दूध पातळ होऊन राहिलं, बाळाला पुरत नसेल, पावडरीच्या दुधाचा डबा आणा. थांबा जरा. दूध पातळ दिसणारच, आणि रंगावरून काही ठरवू नका, बाळ पाच दिवसांचं झाल्यावर दिवसात सहा तरी लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल तर बस झालं.

पहिले ३-५ दिवस येतो तो चीक, पिवळा, चिकट, चमचाभरच. लिटरमागे प्रोटीन सगळ्यात जास्त यातच, आणि त्यातही आयजीए नावाच्या अँटीबॉडी आणि लॅक्टोफेरिन, म्हणजे जंतूंना अडवणारं प्रोटीन, भरपूर. म्हणून जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्या, चीक जड असतो असं कोणी म्हटलं तरी पिळून फेकू नका, मध-घुटी तर अजिबात नाही. बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात असेल तर सिस्टरला विचारून हातानेच वाटीत काढा, पंपाला तर बराच चिकटून राहतो. दिवस भरायच्या आधी बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रोटीन आणखी जास्त असतं, तेव्हा ते थेंब वाया घालवू नका.

दोन आठवड्यांनी दूध पक्कं होतं, प्रोटीन लिटरमागे १० ग्रॅमच्या आसपास येतं आणि पुढे हळूहळू अजून थोडं कमी. या प्रोटीनचे दोन प्रकार, पातळ आणि पचायला हलकं ते व्हे, पोटात दह्यासारखं थिजून हळू पचतं ते केसीन. सुरुवातीला व्हे आणि केसीन साधारण ९०:१०, नंतर ६०:४०, आणि बरेच महिने झाले की जवळपास निम्मंनिम्मं. गायीच्या दुधात लिटरमागे ३० ग्रॅमच्या वर प्रोटीन, त्यात ८० टक्के केसीन, म्हणून आईचं पातळ म्हणून तान्ह्याला गायीचं द्यायचं हा हिशोबच उलटा आहे.

आता पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचे बारके तुकडे. दुधातच प्लाझ्मिनसारखे एन्झाइम असतात, ते मुख्यतः बीटा-केसीन कापत राहतात, म्हणजे बाळाच्या पोटात जायच्या आधीच हे काम सुरू झालेलं असतं आणि त्यातल्या काही तुकड्यांनी जंतूंची वाढ थांबते हे लॅबमध्ये दिसलेलं आहे.

हे सगळं टिकवायचं तर उष्णतेपासून सांभाळा. गायीचा चीक वाफवला की खरवस थिजतो ना, तो उष्णतेने प्रोटीनं उलगडून एकमेकांना चिकटतात म्हणून, आईच्या दुधातल्या प्रोटीनलाही उकळणं सोसत नाही. काढलेलं दूध बाहेर ४ तास चालतं हा नियम २५ डिग्रीपर्यंतचा आहे, आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलर असला तरी खोली २५ होत नाही, तेव्हा काढल्याकाढल्या फ्रीजमध्ये, दारात नाही, आत मागे. ४ दिवस चालतं, डीप फ्रीजरमध्ये ६ महिने. मिहानला किंवा बुटीबोरीला ड्यूटीवर जाणाऱ्यांनी आइसपॅकवाली पिशवी ठेवाच. डब्यावर तारीख टाका, जुनं आधी वापरा, फ्रीजमध्येच वितळवून २४ तासांत संपवा. मलई वर आली तर नुसतं हलवा, आणि कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून गरम करा, गॅस नाही, मायक्रोवेव्ह नाही.

डिंकाचे, मेथीचे लाडू खा बिनधास्त, तुमच्या अंगाला लागतील, पण दुधातलं प्रोटीन त्यानं काही फार वाढत नाही.

सहा महिन्यांनी वरण-भात, अंडं, नाचणी सुरू करा पण दूध बंद कराल काहून? जंतूंची भिंत फोडणारं लायसोझाइम तर महिने जातात तसं वाढतं, आणि दूध सुटत आलं की दूध कमी येतं पण त्यातलं लॅक्टोफेरिन आणि अँटीबॉडी पुन्हा दाट होतात, म्हणजे दोन वर्षांपर्यंत दिवसातून दोनदा पाजलं तरी ते नुसतं पाणी नाही. सोडवायचंच असेल तर एकेक वेळ कमी करत जा, एकदम तोडलं तर छाती गच्च होऊन गाठी होतात, दुखतं आणि ताप येतो.