फोटोंची ठिकाणं हव्या त्या साच्यात टेक्स्ट फाइलमध्ये

कामाला एक्झिफटूल घ्या, म्हणजे फोटोत साठलेली माहिती वाचणारा, कमांड टाइप करून चालवायचा प्रोग्राम. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. आधी नोटपॅडमध्ये साचा.टीएक्सटी करा, त्यात एकच ओळ (टॅगची, म्हणजे फोटोतल्या माहितीच्या खान्यांची, नावं रोमन अक्षरांत टाइप करायची):

$फाइलनेम;$जीपीएसलॅटिट्यूड;$जीपीएसलाँगिट्यूड

मग एक्झिफटूलला डॅश एन, डॅश पी आणि साच्याचं नाव, शेवटी फोटोंचा फोल्डर द्या. उपफोल्डरही हवे असतील तर डॅश आर. पुढे > चिन्ह आणि नव्या फाइलचं नाव. सिंहगडावरचा फोटो असा उतरेल (नाव, अक्षांश, रेखांश):

आयएमजी_2041.जेपीजी;18.3663;73.7559

डॅश एन विसरलात तर अंश-मिनिटं-सेकंद येतात, नकाशात टाकायला कटकट.

प्रत्येक ओळीत साच्याचंच नाव छापलं जातंय? म्हणजे साचा सापडलाच नाही, नाव साधा मजकूर समजून छापलं गेलं. बहुतेकदा नोटपॅडने मागे दुसरं टीएक्सटी चिकटवलेलं असतं.

ठिकाण नसलेल्या फोटोची ओळ गळते. डॅश एफ दिलं की तिथे रेघ येते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेल्यांत ठिकाण शोधूच नका, ते पाठवतानाच पुसलं जातं.

टॅगआधी एक्झिफ गटाचं (कॅमेऱ्याने फोटोत लिहिलेल्या माहितीच्या गटाचं) नाव लावू नका. दक्षिण-पश्चिमेचं उणे चिन्ह जातं. महाराष्ट्रातल्या फोटोंत कळणारही नाही, पण न्यूयॉर्कचे फोटो थेट किर्गिझस्तानात पोचतात! जीपीएसची वेळही घेतलीत तर ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, भारतासाठी साडेपाच तास मिळवा.