बंद पडलेला जुना कालवा परत सुरू करायचाय? आधी पाण्याचं बघा

जुना होड्यांचा कालवा परत चालू करायचा म्हटलं की सगळ्यांना आधी जेसीबी आठवतो, गाळ उपसू, झाडी तोडू, चार फोटो काढू. थांबा जरा. पहिला प्रश्न पाण्याचा. होडी लॉकमधून (दोन्ही टोकांना दारं असलेली पाण्याची पायरीच ती) एकदा खाली उतरली की अरुंद लॉकमधूनसुद्धा लाखावर लिटर पाणी खालच्या अंगाला जातं, मग वर ते परत कुठून येणार? इंग्लंडचा केनेट अँड एव्हन कालवा लोकांनी वर्षानुवर्षं राबून परत उभा केला, १९९० ला राणीच्या हस्ते सुरू झाला, पण त्यावरच्या केन हिलच्या चढावर २९ लॉक आहेत, तिथे पाणी पुरेना म्हणून १९९६ ला खालचं पाणी वर चढवणारे पंप बसवावे लागले. म्हणून कालव्याला पाणी पुरवणारे जुने तलाव, ओढे, पाट अजून जिवंत आहेत का ते आधी चालत जाऊन बघा, आणि उन्हाळ्यात बघा, पावसाळ्यात सगळंच भरलेलं दिसतं.

मग मार्ग. जुने नकाशे काढा आणि कुठे रस्ता आडवा गेलाय, कुठे घरं झालीत ते मांडा. उरलेली जागा नियोजनाच्या नकाशात राखीव करून घ्या, हे काम कंटाळवाणं आहे पण एक बिल्डिंग मध्ये उभी राहिली की दहा वर्षांची मेहनत अडते. आडवा रस्ता आला म्हणजे सगळं संपलं असंही नाही हां, इंग्लंडच्याच रॉचडेल कालव्यावर एम ६२ मोटरवे आडवा आला होता, तर शेतावर जायला ठेवलेल्या बोगद्यातून कालवा वळवून नेला आणि २००२ ला तो पूर्ण सुरू झाला.

आता तळ. जुन्या कालव्यांचा तळ चिकणमातीचा असतो, पाणी घालून तुडवून तुडवून थरावर थर दिलेला. दुरुस्तीला आणलेली माती हातात घ्या, ओली करून बोटाएवढी वळी करा आणि हळूच वाकवा. चिरा पडल्या तर त्यात वाळू जास्त आहे, घेऊ नका. चांगली माती वाकते, हाताला चिकटते. थर दिला की तो सुकू द्यायचा नाही, ओला ठेवायचा, एकदा भेगाळला की पाझर सुरू आणि मग सगळं उकरून परत करावं लागतं. गाळ उपसतानाही हात राखून, खालचा चांगला मातीचा थरच ओरबाडून काढला तर होतं तेही पाणी जाईल.

झाडी सरसकट साफ करू नका प्लीज. इतकी वर्षं शांत पडलेल्या पाण्यात बेडूक, चतुर, दुर्मिळ पाणवनस्पती आलेल्या असतात, आधी जाणकारांकडून पाहणी करून घ्या आणि त्यांच्यासाठी बाजूला तळी ठेवा.

आणि पूर्ण लांबीचा हट्ट सुरुवातीला नको. एकच तुकडा निवडा, गावाला लागून असलेला, त्यात पाणी भरा, काठची वाट चाकाच्या खुर्चीवाल्यांना आणि सायकलींना चालेल अशी करा, कयाक (वल्ह्याची छोटी होडी) सोडायला उतार द्या. होड्या यायच्या आधी चालणारेच येतात आणि चहाची टपरी, सायकल भाड्याने देणारे त्यांच्याच जिवावर टिकतात, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुढचा तुकडा मात्र लागूनचाच घ्या, लांबचा सोपा दिसला तरी, म्हणजे पाणी जोडत नेता येतं.