जुनं आउटबोर्ड इंजिन लोडवर मान टाकतंय? शोध कुठून सुरू करायचा

न्यूट्रलमध्ये मस्त रेस घेतं, हळू चालवलं तर काही तक्रार नाही, पण बोटीत दोन-तीन माणसं बसली आणि थ्रॉटल पूर्ण दिला की मान टाकतं. जुन्या आउटबोर्डचं, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लावतात त्या इंजिनचं, हे नेहमीचं दुखणं आहे आणि बहुतेक जण पहिलं काय करतात तर कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलून बसतात. ते काम शेवटी करायचं, आधी बाकीचं बघा, कारण बऱ्याचदा दोष टाकीपासून इंजिनपर्यंतच्या नळीत निघतो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. न्यूट्रलमध्ये इंजिन छान वाजतं याला काही अर्थ नाही. तेव्हा पेट्रोल थोडंसंच लागतं, आणि सिलिंडरमधला दाब कमी असल्याने कमजोर स्पार्कसुद्धा चालून जातो. लोड आला की पेट्रोलही जास्त हवं आणि ठिणगीलाही जास्त दाबातून उडी मारायची असते, मग जे कमजोर असेल ते उघडं पडतं. म्हणून ही टेस्ट पाण्यातच करायची, किनाऱ्यावर पाण्याचा पाइप जोडून नाही, आणि तसं पाइपवर ठेवून फुल रेस तर अजिबात द्यायची नाही, लोड नसला की आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) भलतंच वर जातं. सोबत एक माणूस घ्या, एकाने सुकाणू सांभाळायचं आणि दुसऱ्याने टाकीपाशी बसायचं. लाइफ जॅकेट आणि किल स्विचची दोरी (माणूस पडला की इंजिन बंद करणारी) लावलेली असू द्या.

आरपीएम वर जातं की खाली?

ताकद गेली की आवाज नीट ऐका. इंजिन जोरात किंचाळतंय पण बोट पुढे सरकत नाही असं असेल तर इंजिन बरंय, घोळ पंख्यात (प्रोपेलरमध्ये) आहे. पंख्याच्या आत रबरी बुश असतो, तो जुना झाला की लोडवर घसरतो. खात्री करायची तर पंखा काढा, मागून आतला तुकडा आणि बाहेरचा तुकडा दोन्हीवर एकच सरळ रेघ मारा, परत बसवून एक फेरी मारून या आणि बघा, रेघ तुटून इकडची तिकडे गेली असेल तर बुश गेला. रेघ जागेवर असेल तर इंजिन फार वर बसवलंय का बघा, पंख्याच्या वरची आडवी पट्टी साधारण बोटीच्या तळाच्या पातळीत पाहिजे, नाहीतर पंखा हवा ओढतो.

आरपीएमच खाली पडत असेल, इंजिन गुदमरल्यासारखं करत असेल, तर पुढे वाचा. आणि हो, कुणी जास्त पिचचा (एका फेऱ्यात जास्त अंतर कापणारा) पंखा बसवलाय का तेही विचारा, पिच 1 इंचाने वाढला की फुल थ्रॉटलला साधारण 150 ते 200 आरपीएम कमी होतात. तळाला शेवाळ-शिंपले धरले असतील किंवा बोटीच्या फोममध्ये पाणी मुरलं असेल तरी इंजिन उगाच बदनाम होतं.

पेट्रोल

सगळ्यात आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. बंद राहिला की पंधरा-वीस मिनिटं इंजिन ठीक चालतं, मग टाकीत निर्वात पोकळी होते आणि पेट्रोल येईनासं होतं. हसू नका, हे कायम घडतं.

स्क्रू उघडा असेल तर नळीवरच्या हातपंपाकडे, म्हणजे त्या रबरी बल्बकडे या. फुल थ्रॉटलला इंजिन बसायला लागलं की टाकीपाशी बसलेल्याने बल्ब हातात घ्यायचा. बल्ब आत ओढला जाऊन चपटा झालाय? मग अडथळा बल्बच्या आधी, टाकीच्या बाजूला आहे, टाकीतली जाळी किंवा नळी. बल्ब नुसता मऊ आहे आणि दाबत राहिलं की इंजिन परत उचलतं? मग इंजिनवरच्या फ्युएल पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) कमजोर झालाय किंवा कुठूनतरी हवा आत शिरतेय, तडा गेलेल्या स्ट्रॉने सरबत ओढल्यासारखं. कनेक्टरमधल्या छोट्या रबरी रिंगा कडक झाल्या की बाहेर एक थेंबही गळत नाही पण हवा मात्र आत येते. बल्ब कडक आहे आणि तरी इंजिन बसतंय? मग अडथळा पुढे, इंजिनवरचा फिल्टर किंवा कार्बोरेटर.

सोपा उपाय हवा असेल तर दुसरी छोटी टाकी, नवी नळी आणि ताजं पेट्रोल लावून एक फेरी मारा. टू-स्ट्रोकला ऑइल मिसळायला विसरू नका, 50:1 सांगितलं असेल तर लिटरला 20 मिली. इंजिन नीट चाललं तर दोष जुन्या टाकीत, नळीत नाहीतर जुन्या पेट्रोलमध्ये, बाकी काही खोलायची गरज नाही. जुन्या नळीचं एक लक्षात ठेवा, बाहेरून नवी दिसते पण इथेनॉलवाल्या पेट्रोलने आतला थर सुटतो आणि जोरात ओढ बसली की झडपेसारखा आडवा येतो. अशी नळी बदलायचीच, साफ करत बसायचं नाही.

अजून एक युक्ती, इंजिन बसत असताना चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खुंटी) जरासा ओढून बघा. क्षणभर उचललं तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. पण असं कोरडं इंजिन फुल थ्रॉटलवर रेटत राहू नका, टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच ऑइल जातं, ते कमी पडलं की पिस्टन भाजतो आणि मग खर्च वेगळाच.

प्लग काय सांगतात

दोष चालू असतानाच इंजिन बंद करायचं, थ्रॉटल खाली आणून नंतर नाही. मात्र आधी सगळ्यांना धरून बसायला सांगा आणि मागे बघा, बोट एकदम थांबली की मागची स्वतःचीच लाट मागच्या फळीवरून आत येऊ शकते. मग स्पार्क प्लग काढून ओळीने मांडा. तपकिरी कोरडा असेल तर तो सिलिंडर ठीक. काळा ओला असेल तर तिथे स्पार्क पडत नाहीये. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी. पाण्याचे थेंब दिसले तर हेड गॅस्केटवर (सिलिंडरच्या डोक्याखालचं सील) संशय जातो.

ओला निघाला त्याची कॉइल (प्लगला जास्त व्होल्टेज देणारा भाग) शेजारच्या सिलिंडरला लावून बघा, दोष तिकडे सरकला तर कॉइल गेली. स्पार्क बघायला गॅप टेस्टर वापरा, बऱ्याच जुन्या सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) इंजिनांवर ठिणगीने 10-11 मिमी सहज ओलांडायला हवं. हातात वायर धरून बघू नका आणि चालत्या इंजिनच्या प्लगवरची कॅप उपटू नका, झटका तर बसतोच, पॉवर पॅकही (स्पार्क सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) उडू शकतो. गरम झाल्यावरच दोष येत असेल तर गरम असतानाच तपासा, थंड झाल्यावर त्याच कॉइलने काम केलं तर फसाल. गरमवरून आठवलं, इंजिनमधून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार नीट येतेय ना? इंपेलर (थंड करायचं पाणी खेचणारं रबरी चक्र) झिजला असेल तर इंजिन तापतं, काही इंजिनं तापली की स्वतःच वेग कमी करतात.

कॉम्प्रेशन, आणि मग कार्बोरेटर

पार्ट्सवर पैसे घालायच्या आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती ते महत्त्वाचं, 10-15 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर आधी त्याचं बघा, कार्बोरेटर धुवून तो फरक जाणार नाही.

कॉम्प्रेशन बरं असेल तर इंजिन बंद ठेवून एकाला हँडल पूर्ण पुढे करायला सांगा आणि टॉर्च मारून बटरफ्लाय (कार्बोरेटरमधली हवेची झडप) खरंच पूर्ण उघडतोय का बघा, केबल ढिली झाली की तो पाऊणवरच अडकतो. हेही ठीक असेल तर आता कार्बोरेटर खोला, आधी फोटो काढून. मेन जेट (पेट्रोल जायचं बारीक भोकाचं तुकडं) उजेडाकडे धरा, भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. क्लीनर आणि हवेने साफ करा, तार किंवा ड्रिल घालू नका, भोक मोठं झालं की कायमचा घोळ. दोन-तीन कार्बोरेटर असतील तर सगळेच करा, एकच जेट तुंबला असला तरी तो सिलिंडर लोडवर उपाशी राहतो. जोडून झाल्यावर तेवढीच माणसं बसवून फुल थ्रॉटलचं आरपीएम बघा आणि कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या रेंजमध्ये बसतंय का ताडून पाहा.