बायोडिझेलमध्ये वनस्पतीजन्य अ‍ॅडिटिव्ह टाकताय? कुठलं, किती आणि कधी ते बघा

बायोडिझेलवर इंजिन चालवणाऱ्यांच्या तक्रारी त्याच त्या असतात, थंडीत लवकर स्टार्ट होत नाही, ओढ कमी वाटते, आणि दोन-तीन महिने साठवलेल्या इंधनाला खवट वास यायला लागतो. मग कुणीतरी सांगतं निलगिरीचं तेल टाक, आणि लोक अंदाजपंचे ओततात. असं करू नका.

आधी इंधन तपासा, कारण कच्चं बायोडिझेल कुठल्याच अ‍ॅडिटिव्हने सुधारत नाही. 27 मिली मिथेनॉलमध्ये 3 मिली बायोडिझेल टाकून साधारण 20 अंशाला हलवा, तळाला तेल बसलं तर तेलाचं बायोडिझेल बनवणारी रिअ‍ॅक्शन अर्धवट राहिलीय. मग दुसऱ्या बाटलीत निम्मं पाणी निम्मं बायोडिझेल घेऊन जोरात हलवा, अर्ध्या तासात दोन्ही स्वच्छ वेगळे झाले तर उत्तम, मधे दुधाळ थर राहिला तर साबण उरलाय, परत धुवा आणि नीट सुकवा.

आता अ‍ॅडिटिव्ह. यात दोन जाती आहेत आणि सगळा घोळ इथेच होतो.

एक म्हणजे पातळ करणारी तेलं: निलगिरी, संत्र्याच्या सालीचं, टर्पेंटाइन. बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा घट्ट, त्यामुळे नोझलमधून फवारा जाडसर पडतो, ही तेलं तो बारीक करतात आणि जळणं सुधारतं. पण यांचा सिटेन (इंजिनात इंधन किती पटकन पेटतं त्याचा आकडा) कमी, जास्त टाकलं की इंजिनात इंधन उशिरा पेटतं आणि इंजिन ठोके द्यायला लागतं. मी 2 टक्क्यांपासून सुरू करतो आणि 5 च्या पुढे जात नाही. शिवाय बाहेर उघड्यावर मात्र ही तेलं बायोडिझेलपेक्षा खूप लवकर पेट घेतात, मिसळताना जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. साधे रबरी पाइप असतील तर आधी ते बदला, फुगतात.

दुसरी जात अँटिऑक्सिडंट: व्हिटॅमिन ई, तेलात विरघळणारा रोझमेरीचा अर्क, लवंगेच्या तेलातलं युजेनॉल. हे इंधन खवट होण्याचा वेग कमी करतात. बायोडिझेलमध्ये वजनाने साधारण 11 टक्के ऑक्सिजन असतो म्हणून काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड कमी होतो, पण नायट्रोजन ऑक्साइड बहुतेक वेळा थोडे वाढतात, आणि तिथेही अँटिऑक्सिडंटची मदत होऊ शकते, मात्र त्या बदल्यात कार्बन मोनॉक्साइड जरा वर जातो. डोस 500 ते 1000 पीपीएम, म्हणजे लिटरला अर्ध्या ग्रॅमपासून एक ग्रॅमच्या आत, आणि तो ताज्या इंधनातच टाकायचा, एकदा खवट झालं की काही उपयोग नाही. साठवणीला तांबं-पितळ टाळा, त्याने इंधन लवकर बिघडतं.

घरी पानं अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढायचा मोह मलाही झाला होता. काचेच्या बरणीत मिसळून ठेवला, सकाळी बघतो तर तळाला काळपट चिकट थर, बोटाला लागला की सुटेना. तो इंजेक्टरमध्ये गेला असता तर? तेव्हापासून कुठलंही मिश्रण आधी बरणीत 24 तास ठेवतो, गढूळ झालं किंवा खाली काही बसलं की बाद. पानांची पावडर तर टाकीत कधीच नाही.

फरक पडला का हे कानाने ठरवू नका. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर ठरावीक लोड देऊन 100 मिली इंधन किती सेकंदात संपतं ते मोजा, तीन वेळा, आधी अ‍ॅडिटिव्हशिवाय आणि मग घालून. एका वेळी एकच गोष्ट बदला. धुरासाठी पांढरं कापड सायलेन्सरपासून तेवढ्याच अंतरावर तेवढेच सेकंद धरा आणि डाग शेजारी ठेवून बघा, नायट्रोजन ऑक्साइड मात्र डोळ्याला दिसत नाहीत, त्याला गॅस अ‍ॅनालायझरच लागतो. आणि शुद्ध बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जाच साध्या डिझेलपेक्षा साधारण 8 टक्के कमी असते, ती कुठलंही तेल भरून काढत नाही, तेवढी ओढ सोडून द्या.

पहिल्या दोन टाक्या झाल्या की फिल्टर काढून कापून बघा, बायोडिझेल जुन्या टाकीतला गाळ सोडवतं आणि तो सगळा तिथेच अडकलेला असतो.