बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय वाचताना रचनेतले पॅटर्न शोधताय? या चुका टाळा

येशूच्या वधस्तंभाचा आणि दफनाचा भाग आपण गुड फ्रायडेला इतक्यांदा ऐकलेला असतो की चारही शुभवर्तमानं (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची येशूबद्दलची पुस्तकं) डोक्यात एकत्र होऊन जातात आणि पहिली गडबड तिथेच होते. भूकंप मत्तयमध्ये आहे, कबरेजवळची बाग योहानात, मार्कमध्ये दोन्ही नाहीत. वधस्तंभावरून येशू मार्कमध्ये शब्दांत एकदाच बोलतो, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" त्यामुळे चारही पुस्तकं मिळून होणाऱ्या सात उद्गारांवर रचना बसवली तर ती मार्कची नाहीच. १५:२१ ते १६:८ (आधी अध्याय, मग वचन) एवढंच प्रिंट काढा, कलर पेन्सिली घ्या नि बाकीची शुभवर्तमानं उघडू नका.

दुसरी चूक म्हणजे फक्त भाषांतरावर भरवसा. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाश फाटतं (१:१०) आणि मरणाच्या क्षणी मंदिराचा पडदा फाटतो (१५:३८), मार्कच्या मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच क्रियापद आहे, आणि दोन्हीकडे लगेच "पुत्र" हा शब्द येतो, आधी आकाशवाणीत, मग रोमी शताधिपतीच्या (शंभर सैनिकांवरच्या अधिकाऱ्याच्या) तोंडी. मराठीत एकीकडे विदारणे आणि दुसरीकडे फाटणे आलं की हा धागा तुटतो, म्हणून ग्रीक येत नसलं तरी मूळ ग्रीक शब्द कुठे कुठे आलाय ते दाखवणारी शब्दसूची जवळ ठेवाच.

मग तीनचा मोह. तिसरा, सहावा, नववा तास, म्हणजे आपले सकाळचे नऊ, दुपारचे बारा आणि तीन, हे मार्क स्वतःच सांगतो. टिंगल करणारेही तीन गट आहेत, येणारे-जाणारे, याजक-शास्त्री आणि शेजारी खिळलेले दोघे. इथपर्यंत छान. पण मग लोक सगळा अध्यायच आरशासारखा दुमडायला, म्हणजे पहिला अर्धा दुसऱ्या अर्ध्याशी उलट क्रमाने जुळवायला जातात आणि न बसणारी वचनं गुपचूप सोडून देतात. वचनं सोडावी लागली तर रचना चुकलीय असं समजा. उलटा क्रम खरंच बघायचाय तर बायबलच्या जुन्या करारातलं २२ वं स्तोत्र शेजारी ठेवा, मार्कमध्ये आधी कपडे वाटून घेणं येतं (स्तोत्रात वचन १८), मग डोकी हलवणं (७) आणि शेवटी ती "माझ्या देवा" आरोळी (१), स्तोत्र खालून वर चढत जातं!!

अध्यायाचा आकडा आला म्हणून थांबू नका, ते आकडे मार्कने घातलेले नाहीत. येशूची अनुयायी मग्दालीया मरीया वधस्तंभाकडे लांबून पाहते (१५:४०), येशूला कुठे ठेवलं ते पाहते (१५:४७) आणि १६:४ मध्ये कबरेवरची धोंड सरकलेली पाहते, तिन्हीकडे क्रियापद तेच. येशूला पुरणारा अरिमथाईचा योसेफ तागाचं कापड विकत घेतो, बायका सुगंधद्रव्यं विकत घेतात, इथेही क्रियापद तेच.

कापडावरून आठवलं, १४:५१-५२ मध्ये येशूच्या अटकेवेळी एक तरुण असंच तागाचं वस्त्र टाकून उघडाच पळतो आणि तिथे शब्द हाच आहे. शब्द जुळतो एवढं बिनधास्त लिहा, पण कापडही तेच असं लिहू नका. योसेफाने ते त्याच संध्याकाळी विकत आणलंय.