एन आणि झेड स्केलची मॉडेल रेल्वे सुरू करताय? मग या चुका टाळा

छोट्या स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा कितीतरी पट लहान प्रमाणात बनवलेली, मॉडेल रेल्वे हौसेने आणली आणि काही महिन्यांत पुन्हा खोक्यात भरून माळ्यावर टाकली असं बऱ्याच जणांचं होतं, आणि कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, गाडी सारखी अडते, घसरते, वैताग आला. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा इंजिनात काहीही बिघाड नसतो. गडबड असते रूळ टाकण्यात, वायरिंगमध्ये, नाहीतर काय आधी घ्यायचं आणि काय नंतर यात. लहान आहे म्हणजे सोपं असणार असं धरून लोक सुरुवात करतात, आणि तिथेच फसतात. एचओ या मोठ्या स्केलमध्ये दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं, एनमध्ये ९ आणि झेडमध्ये फक्त ६.५, त्यामुळे मोठ्या गाडीला जो खडा जाणवतही नाही तोच इथे डबा उचलून बाहेर टाकतो. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं नीट समजतं.

स्केल न बघता खरेदी

एन म्हणजे ९ मिलिमीटरचा रूळ, पण त्यावर धावणारी प्रत्येक गाडी एकाच प्रमाणात बनवलेली नसते. युरोप-अमेरिकेतलं एन १:१६०, ब्रिटिश १:१४८, जपानी बहुतेक १:१५० (शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, मात्र १:१६०). एका रुळावर सगळ्या गाड्या पळतात, त्यात अडचण काही नाही, पण ब्रिटिश डब्यांमध्ये मधेच एक अमेरिकन डबा लावला की प्रमाण जुळत नाही, आणि बिल्डिंग किंवा माणसांच्या बाबतीत तर डोळ्याला लगेच खटकतं. म्हणून आधी ठरवा कुठल्या देशाची, साधारण कुठल्या काळातली रेल्वे हवी आहे, मग खरेदी करा. दिसलं आवडलं घेतलं असं केलं तर वर्षभरात एकमेकांशी न जुळणाऱ्या वस्तूंचा ढीग होतो.

झेड (१:२२०, मार्कलिनने १९७२ मध्ये आणलेलं) दिसायला अप्रतिम आहे, अगदी लिहायच्या टेबलाच्या कोपऱ्यात बसतं, पण माल कमी मिळतो आणि धूळ अजिबात सहन होत नाही. १:४५० चा टी गेज तर ३ मिलिमीटरच्या रुळावर चालतो, तो बघायला मजा येते पण पहिला लेआउट (फळीवर मांडलेली पूर्ण रेल्वे) म्हणून मी कुणालाच सुचवणार नाही. पहिल्यांदा करत असाल तर एन घ्या, हे माझं ठाम मत आहे.

वळण जितकं घट्ट तितका त्रास

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. जागा कमी म्हणून माणूस मिळेल ते सगळ्यात छोटं वळण घेतो, स्टार्टर सेटमध्ये बऱ्याचदा २५० किंवा २८० मिलिमीटरच्या आसपासचा रेडियस (वळणाची त्रिज्या) असतो, आणि त्यावर सेटमधली छोटी गाडी छान पळते पण. मग लांब पॅसेंजर डबे येतात आणि बोंब सुरू होते. एक साधा हिशोब लक्षात ठेवा, सगळ्यात लांब डब्याच्या लांबीच्या निदान अडीच पट रेडियस हवा. दुपटीत बऱ्याच गाड्या कशाबशा जातात, तिपटीत दिसायलाही बऱ्या दिसतात. खरा २० मीटरचा डबा १:१६० मध्ये १२५ मिलिमीटर होतो, म्हणजे त्याला साधारण ३१० मिलिमीटरचं वळण पाहिजे. आता जागाच नसेल तर वळण घट्ट ठेवा पण गाड्या त्याप्रमाणे घ्या, छोटी शंटिंग इंजिनं, आखूड वॅगन, रेलकार. यात काही कमीपणा नाही, असे लेआउट फार सुंदर झालेले आहेत.

याच्याच पोटातली दुसरी चूक म्हणजे एस वळण. उजवं वळण संपलं की लगेच डावं जोडायचं, कागदावर ते मस्त नागमोडी दिसतं, पण तिथे शेजारशेजारचे दोन डबे विरुद्ध दिशेला कलतात, कपलर (डबे एकमेकांना जोडणारी कडी) आडवा ओढला जातो आणि हलका डबा बाहेर. दोन वळणांच्या मध्ये निदान सगळ्यात लांब डब्याएवढा सरळ रूळ टाका. दोन पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे) एकमेकांना जोडतानासुद्धा नकळत एस तयार होतं, तिथे कुणाचंच लक्ष जात नाही.

चढ

एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर एनमध्ये साधारण ५० मिलिमीटर उंची लागते. दोन टक्के चढाने ती गाठायला अडीच मीटर लांबी लागते, उतरायला तेवढीच, वर सुरुवातीला आणि शेवटी चढ हळूहळू बदलायला थोडी जागा. छोट्या फळीवर हे बसतच नाही, मग लोक पाच-सहा टक्के करतात आणि इंजिन जागेवर चाकं फिरवत उभं राहतं. चढावर वळणही असेल तर ओढ आणखी वाढते. पहिला लेआउट सपाट ठेवा. डोंगर हवा असेल तर डोंगर वर न्या, रूळ खालीच राहू दे.

रूळ टाकण्याची घाई

इथे जितका वेळ द्याल तितका कमी. फळी सपाट आहे का ते आधी बघा. लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, म्हणून फळीला सगळ्या बाजूंनी रंग किंवा सीलर मारून घ्या आणि मधेमधे काही जोडांवर केसाएवढी फट ठेवा, नाहीतर ऋतू बदलला की रूळ वाकतात. प्रत्येक जोडावरून नख फिरवा, अडकलं तर चाकही अडकणार. रेल जॉइनर (दोन रुळांची टोकं जोडणारी छोटी धातूची पट्टी) नीट न बसता रूळ त्याच्या आत जाण्याऐवजी वर चढून बसणं हे इतकं कॉमन आहे की घसरण झाली की मी पहिल्यांदा तेच बघतो. डोळा रुळाच्या उंचीला आणून लांबवर नजर टाका, वरून न दिसणारा प्रत्येक कोन तिथून दिसतो.

फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकवता येणारा लांब रूळ) वापरत असाल तर वळणावरचा जोड हमखास कोनात उभा राहतो, त्यावर उपाय म्हणजे दोन तुकडे सरळ असतानाच सोल्डर करायचे आणि मग दोन्ही मिळून वाकवायचे. आणि रूळ विकत घेताना कोडकडे बघा, कोड ८० म्हणजे ०.०८० इंच उंचीचा रूळ, कोड ५५ म्हणजे ०.०५५ इंच. कोड ५५ दिसायला जास्त खरा वाटतो, पण जुन्या डब्यांच्या चाकांची कड खोल असते आणि ती रुळाच्या आतल्या खिळ्यांच्या डोक्यांवर टकटक आपटत जाते. जुनी गाडी सेकंडहँड घेणार असाल तर कोड ८० ला जीवाला शांतता आहे.

सगळं टाकून झालं की लगेच चिकटवू नका. लांब डब्यांची गाडी आधी पुढे, मग उलटी ढकलत न्या, हळू आणि वेगात, प्रत्येक पॉइंटवरून दोन्ही बाजूंना. ढकलताना जी गाडी रुळावर टिकते ती ओढताना सहसा घसरत नाही.

घसरलं किंवा अडलं तर आधी हे बघा

सगळ्याच गाड्या एकाच जागी घसरतात, तर दोष रुळाचा. एकच डबा कुठेही घसरतो, तर दोष त्या डब्याचा. एकच डबा एकाच जागी, बहुतेक पॉइंटवर, घसरतो तर त्याच्या चाकांमधलं अंतर मोजा. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेची एनसाठी एक छोटी धातूची गेज पट्टी मिळते, तिच्यात चाकं, रूळ, पॉइंट सगळं तपासता येतं, माझ्या मते इंजिनानंतर घ्यायची पहिली वस्तू हीच. चाकं आत-बाहेर सरकलेली असली तर हलकेच फिरवत जागेवर आणता येतात. मग कपलर बघा, तो खाली लोंबकळून पॉइंटमध्ये अडकतोय का, शेजारच्या डब्याच्या कपलरशी उंची जुळते का. शेवटी वजन. एनएमआरएची शिफारस एनसाठी अशी आहे की अर्धा औंस आणि वर लांबीच्या दर इंचाला ०.१५ औंस, म्हणजे चार इंची डबा साधारण ३१ ग्रॅमचा पाहिजे. त्याहून फारच हलका असेल तर आतून तळाशी वजन चिकटवा, वरती छताला नको.

अडण्याचंही असंच. सगळी इंजिनं एका जागी थांबतात तर तिथला जोड सैल आहे किंवा वीज पोचत नाहीये. फक्त छोटं इंजिन पॉइंटच्या मधोमध थांबतं, मोठी जातात, तर पॉइंटचा मधला भाग प्लॅस्टिकचा आहे आणि तिथे छोट्या इंजिनाच्या पुरेशा चाकांना वीज मिळत नाही, अशा ठिकाणी वीज घेणारा धातूचा फ्रॉग असलेला पॉइंट बसवणं हाच पक्का इलाज. एकच इंजिन कुठेही थांबतं तर चाकं घाण झालीत. किचन पेपर आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून रुळावर आडवा टाका, इंजिनाची अर्धी चाकं कागदावर आणि अर्धी उघड्या रुळावर ठेवून, इंजिन हातात धरून वीज द्या, कागदावर काळे पट्टे उठतील. मग इंजिन फिरवून दुसरी बाजू.

दोनच वायर जोडून मोकळं होणं

सेटमध्ये एक जोडी वायर येते, आणि छोट्या गोलाला ती पुरतेही, पण लेआउट वाढवला की वीज एका जोडातून दुसऱ्यात अशी जाते, प्रत्येक जॉइनर थोडी खातो, आणि गाडी लांबच्या टोकाला मंदावते. फळीखालून जाड वायरची एक जोडी फिरवा आणि दर मीटरभर अंतरावर तिथून रुळाला बारीक वायर सोल्डर करा. रेल जॉइनर रूळ जुळवून धरायला आहेत, विजेच्या भरवशाला नाहीत. खात्री करायची तर इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरने कंट्रोलरजवळचं आणि लांबच्या टोकाचं व्होल्टेज मोजा, इंजिन बंद असताना मोजलं तर फरक दिसतच नाही.

गाडी वळून त्याच रुळावर परत येईल असा रिव्हर्स लूप काढायचा मोह फार जणांना होतो. टू-रेल पद्धतीत तिथे डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो आणि सरळ शॉर्ट होतो. लूपचा तुकडा दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत फट ठेवून वेगळा करावा लागतो, आणि तो तुकडा तुमच्या सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब पाहिजे. डीसीसी (रुळातून प्रत्येक इंजिनाला वेगळ्या डिजिटल सूचना देणारी पद्धत) असेल तर पोलॅरिटी आपोआप बदलणारा ऑटो रिव्हर्सर लावता येतो, साध्या डीसीत (रुळातलं व्होल्टेज कमी-जास्त करून गाडी चालवायची पद्धत) स्विचने पोलॅरिटी बदलावी लागते.

व्होल्टेजचंही बघा. एनची इंजिनं साधारण १२ व्होल्टची, झेडची ८ ते १० ची, त्यामुळे एनचा कंट्रोलर झेडला लावू नका. आणि इंजिनावर डीसीसी रेडी लिहिलेलं असलं तर त्यात डिकोडर (डीसीसीच्या सूचना ओळखणारी चिप) असतो असं नाही, तो बसवायची फक्त सोय असते. डिकोडर नसलेलं इंजिन डीसीसीच्या रुळावर ठेवलं की गुणगुणतं आणि तापतं, कोअरलेस मोटर असेल तर जळूही शकते. कोण सांगतंय चालतं म्हणून, तरी ठेवू नका.

साफसफाई आणि तेल

रूळ काळे दिसले की हातात सँडपेपर घेऊ नका. त्याने बारीक ओरखडे पडतात, त्यात घाण अजून घट्ट बसते आणि मग रूळ पूर्वीपेक्षा लवकर काळे होतात. धागे न सुटणारं कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं, आणि दर वेळी गाडी चालवायच्या आधी एक हात फिरवायची सवय लावली तर घासायची वेळच येत नाही. काही चाकांना पकड मिळावी म्हणून रबरी टायर असतात, ते झिजले की काळा थर सोडतात, वेळेवर बदला. प्लॅस्टिकची चाकंही घाण पसरवतात, डब्यांना जमेल तशी धातूची चाकं बसवत जा.

तेल जास्त घालणं हे कमी घालण्यापेक्षा वाईट, एनच्या इंजिनात तर फारच. प्लॅस्टिकला चालणारं तेल घ्या, सुईच्या टोकावर येईल एवढंच, तेही अॅक्सलच्या टोकाला आणि मोटरच्या बेअरिंगला. जास्तीचं तेल चाकांवर येतं, रुळावर उतरतं, मोटरच्या कम्युटेटरवर (वीज घेणाऱ्या फिरत्या भागावर) गेलं तर इंजिन धक्के देत चालतं. नवीन इंजिन अडखळतंय म्हणून लगेच उघडू नका, आधी डबे न लावता अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे मध्यम वेगात चालवा, बऱ्याच वेळा एवढ्यानेच ते सुधारतं.

आणि वेग कमी ठेवा हो. ताशी ६० किलोमीटरची गाडी १:१६० मध्ये सेकंदाला साधारण १० सेंटिमीटर जाते, म्हणजे एक मीटर रूळ पार करायला जवळजवळ दहा सेकंद. करून बघा, तोच छोटा लेआउट एकदम मोठा वाटायला लागतो.

खडी सगळ्यात शेवटी

देखाव्याची घाई मला समजते, उघडे रूळ बघवत नाहीत, पण गाडी काही आठवडे बिनघोर चालल्याशिवाय खडी टाकू नका, कारण चिकटवल्यावर एक जोड दुरुस्त करायला अर्धा फूट उखडावं लागतं. खडी बारीक घ्या, एचओची खडी एनमध्ये धोंड्यांसारखी दिसते. आधी पाण्यात थेंबभर भांड्यांचं लिक्विड घालून फवारा, मग पातळ केलेला पांढरा गोंद ड्रॉपरने सोडा, कोरड्या खडीवर गोंदाचे गोळे होतात. पॉइंटच्या हलत्या पात्यांजवळ गोंद अगदी थोडा, आणि वाळेपर्यंत अधूनमधून पाती हलवत राहा. रात्रभर वाळू द्या, मग रुळाची वरची बाजू आणि आतली कड दोन्ही पुसून घ्या आणि तीच लांब डब्यांची गाडी पुन्हा एकदा उलटी ढकलत सगळीकडून न्या.